अंगाचे भान आणि तोलाची जाण
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात खोपट येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात निकालाविषयी बोलले जाते. शेकडा किती उत्तीर्ण झाले, कोणाला किती गुण मिळाले, याची माहिती मुख्याध्यापकांनी आताच दिली आहे. मला मात्र 'प्राथमिक वर्गातील उपक्रम' या विषयावर बोलण्याची आज्ञा झाली आहे. उपक्रम म्हटले की लोकांना तक्ते, प्रतिकृती, प्रदर्शन असे काही पाहायला मिळेल असे वाटते. माझ्याजवळ दाखवण्यासारखे काहीच नाही. हा एक खडूचा तुकडा आहे, आणि मुलांनी घरून आणलेल्या जुन्या पायमोज्यांत वाळू भरून शिवलेल्या या बारा पिशव्या आहेत. एवढ्या सामानावर काय काय करता येते ते सांगतो. पण त्याआधी मला माझी एक चूक सांगितली पाहिजे, कारण हे सारे त्या चुकीतूनच सुरू झाले.

सहा वर्षांपूर्वी माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. पटावर चव्वेचाळीस मुले. त्यात एक मुलगा असा की त्याच्याविषयी रोज कोणीतरी तक्रार घेऊन येई. रांगेत पुढच्याच्या अंगावर जाई. बाकावरून बसल्या बसल्या खाली पडे. पाण्याची बाटली उघडायला गेला की अर्धे पाणी शेजाऱ्याच्या वहीवर. आणि लिहायला बसला की पेन्सिलीचे टोक मोडलेच म्हणून समजा. कागद फाटेपर्यंत दाबून लिहिणार. मी त्याला उभे केले, बाहेर काढले, तीच पाने पुन्हा लिहायला लावली. एके दिवशी त्याच्या हातावर पट्टी मारली. शिक्षणहक्काच्या कायद्याने ही गोष्ट २०१० सालापासून बंद केलेली आहे, आणि कायदा नसता तरी ती चूकच होती. आपण सर्वांसमोर मी हे सांगतो आहे, कारण त्या मुलाच्या मनात खोडी नव्हती हे मला फार उशिरा कळले.

त्याचे वडील गॅरेजात काम करतात. त्यांना मी बोलावून घेतले व ऐटीत सांगितले, "तुमचा मुलगा लक्ष देत नाही, मुद्दाम दाबून लिहितो." त्यांनी वही हातात घेतली, फाटलेली पाने पाहिली, आणि थोड्या वेळाने म्हणाले, "सर, आमच्याकडं नवीन माणूस कामाला येतो ना, तोही बोल्ट असाच आवळतो. आटे जातात. त्याला मी रागवत नाही. त्याच्या हाताला अजून कळलेलं नसतं. पाना कुठं थांबवायचा ते हाताला कळायला वेळ लागतो." एवढे बोलून ते थांबले, आणि मग म्हणाले की याला आता शाळेतून काढून गावी दादीकडे पाठवायचे घरात चालले आहे. मी त्यांना सहामाहीपर्यंत थांबण्याची विनंती केली. त्या रात्री मला झोप आली नाही. बी.एड.च्या पुस्तकांतून मला जे उमगले नव्हते ते या गृहस्थाने एका वाक्यात सांगितले होते: हाताला कळावे लागते.

'हाताला कळणे' म्हणजे काय? आपण मुलांना शिकवतो की ज्ञानेंद्रिये पाच. डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा. आता आपण सर्वांनी एक करावे. डोळे मिटा. उजवा हात डोक्यावर न्या आणि दोन बोटे वर करा. उघडू नका डोळे. किती बोटे वर आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे ना? हात कोपरात किती वाकला आहे तेही ठाऊक आहे. हे कोणत्या इंद्रियाने सांगितले? डोळ्यांनी नाही, कानांनी नाही. हवेत असलेल्या हाताला कशाचा स्पर्शही झालेला नाही. आता उघडा डोळे. (मागच्या रांगेतील काही मंडळींनी मिटलेच नव्हते, ते मी पाहिले!)

आपल्या स्नायूंच्या आत चरख्याच्या चातीच्या आकाराची, डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म इंद्रिये असतात. स्नायू किती ताणला गेला हे ती मेंदूला क्षणोक्षणी कळवत राहतात. स्नायू हाडाला जिथे बांधलेला असतो तिथे जोर किती लागतो हे सांगणारी आणखी काही असतात. या जाणिवेला शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ साली स्वतंत्र नाव दिले. तिच्या मुळाशी पेशीतील कोणते द्वार काम करते याचा शोध लावणारे आर्देम पातापूतियान यांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हे गृहस्थ १९६७ साली लेबनॉनमधील बैरूत शहरात, आर्मेनियन कुटुंबात जन्मले. विद्यार्थी मित्रांनी हे नाव लक्षात ठेवावे.

ही जाणीव गेली तर काय होते? इंग्लंडमध्ये इयन वॉटरमन नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण होता. १९७१ साली एका आजारानंतर मानेखालची ही सारी जाणीव त्याने गमावली. स्नायूंत ताकद होती, हात-पाय हलत होते, पण ते कोठे आहेत हेच त्याला कळेना. उठून बसता येईना. पुढे अनेक महिने डोळ्यांनी प्रत्येक अवयवाकडे पाहत पाहत तो पुन्हा बसायला, उभे राहायला आणि चालायला शिकला. पण चालताना दिवा गेला की तो कोसळे. आपण अंधारात पाण्याचा पेला तोंडाशी नेतो, तेव्हा किती मोठी देणगी वापरतो याची आपल्याला कल्पनाही नसते.

दुसरी जाण तोलाची. खोपटला एस.टी.त बसून आपण गावी जातो. रात्रीची वेळ, डोळे मिटलेले, पण गाडी माळशेज घाट चढू लागली, वळणावर वळली, चालकाने ब्रेक लावला, हे सारे आपल्याला कळते. हे काम कानाच्या आतल्या भागाचे. तिथे एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत, त्यांत द्रव असतो. आणि दोन लहान पिशव्या आहेत, त्यांत चुनखडीच्या जातीचे बारीक कण असतात. डोके फिरले की द्रव मागे राहतो, डोके कलले की कण सरकतात, आणि मेंदूला बातमी पोहोचते. गिरकी घेऊन थांबल्यावरही घर फिरताना दिसते, कारण आपण थांबलो तरी तो द्रव अजून थांबलेला नसतो.

या दोन्ही जाणिवा मूल जन्मतःच घेऊन येते, पण त्या वापराने तयार होतात. पूर्वी त्यासाठी वेगळे काही करावे लागत नसे. गेल्या पालकसभेत एका मातेने सांगितले, "सर, आम्ही गावाला डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन चढण चढायचो. खाली बघायची सोयच नव्हती. पायाला दगड कळायचा." मी त्या बाईंना म्हटले, तुम्ही आज माझा धडा घेतलात. आता आपल्या मुलांचा दिवस पाहा. सकाळी शाळा, दुपारी शिकवणी, संध्याकाळी मक्तब, रात्री अभ्यास. मधल्या वेळात मोबाइल. मूल सारा दिवस बसलेले. घर दहा बाय बाराचे, त्यात सहा माणसे. उडी मारली की खालच्या मजल्यावरचे वर येतात. खाली अंगणात दुचाक्या उभ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे अंग मोडून हालचाल करावी. आपल्या घरांत साठ पावलांची जागा नाही. हा पालकांचा दोष नाही, पण त्याचे परिणाम वर्गात दिसतात आणि तिथे आम्ही त्यांना 'खोडी' म्हणतो.

यावर उपाय शोधायला मला परदेशी जावे लागले नाही. डहाणू तालुक्यातील कोसबाड पूर्वी आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मारिया माँटेसरी यांची शिक्षणसाधने महाग. आदिवासी पाड्यांवर ती कोठून आणणार? या दोघींनी खडे, पाने, बिया, शिंपले हीच साधने केली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा आज देशभर चालणारा शब्द त्या कामातला. बालशिक्षणात हालचालीला केवढे स्थान आहे हे मी अशा माणसांच्या कामावरून शिकलो. आणि मनाशी म्हटले, पाड्यावर बिया-शिंपल्यांवर होऊ शकते ते खोपटच्या वर्गात खडूवर का होऊ नये?

आता खडूकडे येतो. माँटेसरीबाईंच्या बालगृहात जमिनीवर एक लंबवर्तुळाकार रेषा असे व मुले तिच्यावरून चालत. मी ती वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात काढली. पहिल्या आठवड्यात फक्त रेषेवरून चालायचे. दुसऱ्या आठवड्यात पावलाला पाऊल जोडून, टाचेपुढे टाच. मग हातात पाण्याने काठोकाठ भरलेला पेला. मग डोक्यावर वाळूची पिशवी. कोणी पहिला नाही, कोणी शेवटचा नाही, शर्यत तर मुळीच नाही. शर्यत लावली की मूल रेषा सोडून धावते आणि सारे फुकट जाते. मी एक गंमत पाहिली. वर्गात सर्वांत दंगेखोर समजली जाणारी मुले पाण्याचा पेला हातात आला की अशी चालत जणू दुधाची घागर घेऊन निघाली आहेत.

या मुलाला मात्र रेषेवर चालता येईना. तेव्हा त्याच्यासाठी जड कामे शोधली. वह्यांचा गठ्ठा शिक्षकखोलीत नेणे, बाक सरकवणे, आणि दर तासानंतर भिंत ढकलणे. हो, भिंत ढकलणे! दोन्ही तळहात भिंतीला टेकून, पाय मागे घेऊन, दहा अंक मोजेपर्यंत जोराने ढकलायचे. चव्वेचाळीस मुले एकदम भिंती ढकलताना पाहून शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या, त्यांना वाटले भिंत पडते की काय. जोर लावला की स्नायू व सांधे मेंदूला ठळक बातमी पाठवतात, आणि त्यानंतर मुले जरा निवांत बसतात असा माझा अनुभव आहे.

पेन्सिलीसाठी कार्बन पेपर वापरला. तीन कोरे कागद, मध्ये दोन कार्बन. आधी असे लिहायचे की तिसऱ्या कागदावर अक्षर उमटले पाहिजे. मग असे की दुसऱ्यावर उमटावे, पण तिसरा कोरा राहावा. मूल स्वतःच कागद उचलून पाहते, स्वतःच हसते, पुन्हा लिहिते. मला 'हळू लिही' असे सांगावे लागत नाही. 'हळू लिही' हे मी त्याला वर्षभर सांगत होतो, पण हळू म्हणजे किती हे त्याच्या हाताला कोणी दाखवलेच नव्हते.

बाकीचे खेळ तुम्हाला ठाऊकच आहेत. डोळे मिटून दोन पिशव्यांपैकी जड कोणती ते ओळखणे. समोरच्या सोबत्याचा आरसा होणे: त्याने डावा हात वर केला की समोरून तसाच आपला हात. पुतळ्याचा खेळ. पाठीवर बोटाने अक्षर काढायचे आणि दुसऱ्याने ते ओळखायचे. यात जोडाक्षरे आली की फार मजा येते. लंगडी तर आपली घरचीच. मक्तबमध्ये व मशिदीत मुले सफमध्ये उभी राहतात, तेव्हा खाली न पाहता खांद्याला खांदा लावून सरळ उभे राहणे त्यांना जमते. नमाज ही इबादत आहे, कवायत नव्हे, म्हणून तिला मी उपक्रमात धरत नाही. पण जे मूल तिथे नीट उभे राहू शकते ते शाळेच्या रांगेतही राहू शकेल, एवढा विश्वास मला त्यातून मिळाला.

आता काही भगिनींच्या मनातला प्रश्न. पाचवीच्या एका मुलीच्या आईने मला सांगून पाठवले, "मुलगी मोठी झाली, आता तिला उड्या मारायला लावू नका." त्यांच्या भावनेचा मी अनादर करत नाही. आपण मुलींसाठी वेगळा तास ठेवला, वर्ग बंद करून बाई तो घेतात. पण तास बंद करणार नाही, असे मी त्यांना नम्रपणे कळवले. उद्या याच मुलीला चढत्या-उतरत्या गर्दीत स्टेशनचा जिना उतरायचा आहे, कडेवर मूल घेऊन रिक्षातून उतरायचे आहे. तिच्या पायाला पायरी कळायला नको काय? आणि मुलग्यांच्या मातांना उलट सांगणे आहे. कणीक मळणे, कपडे पिळणे, पाण्याची बादली अर्धी भरून नेणे ही कामे मुलग्यांनाही द्या. कणकेचा गोळा हाताच्या जाणिवेला जे शिकवतो ते बाजारातले महाग खेळणे शिकवणार नाही.

एक सावधगिरीचा शब्द. मी वैद्य नाही. या खेळांनी प्रत्येक मूल वाचू लागेल, गणितात पहिले येईल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. जीन आयर्स या अमेरिकन विदुषींनी १९७२ साली या जाणिवांचा व शिकण्यातील अडचणींचा संबंध मांडला, तेव्हापासून तज्ज्ञांत त्यावर वाद आहे. २०१२ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही अशा उपचारांचा पुरावा मर्यादित आहे असे म्हटले. माझा दावा लहान आहे. मुलाला आपल्या अंगाची ओळख होते, आणि शिक्षकाला मुलाची.

गोल फिरण्याचे खेळ फीट येणाऱ्या किंवा कान फुटलेल्या मुलांना मी देत नाही, आणि कोणालाच जबरदस्तीने फिरवत नाही. आणि काही लक्षणे खेळाने घालवायची नसतात, डॉक्टरांना दाखवायची असतात. लहान मुलगा जमिनीवरून उठताना स्वतःच्याच गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत टेकत उठत असेल, पोटऱ्या फुगलेल्या असतील, जिना चढताना थकत असेल, तर एक दिवसही दवडू नका. तो स्नायूंचा आजार असू शकतो. पूर्वी नीट चालणारे मूल अचानक झोकांड्या खाऊ लागले तरी तेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते. हा कार्यक्रम २०१३ साली पालघरहूनच सुरू झाला. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. काही पालक 'नाव नोंदले गेले तर पुढे लग्नाला अडचण' या भीतीने ठेवतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

त्या मुलाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. चमत्कार काही झाला नाही. महिन्याला डझनभर पेन्सिली लागत त्या सहामाहीपर्यंत तीन-चारवर आल्या. अक्षर अजूनही सुंदर नाही, पण वाचता येते. सहामाहीनंतर वडील आले, वही पाहिली, पानाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "आता आटे नाही जात." गावी पाठवण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. तो आता नववीत आहे आणि या सभागृहात कोठेतरी बसलेला आहे; नाव सांगणार नाही. त्याची माफी मी तेव्हाच, वर्गासमोर मागितली होती. आज त्याच्या वडिलांसमोर पुन्हा मागतो.

येत्या शनिवारी सकाळी नऊ वाजता व्हरांड्यात रेषा काढलेली असेल. पहिली ते चौथीच्या पालकांनी मुलांसह यावे. पादत्राणे बाहेर काढून यावे, कारण आधी पालकांना चालायचे आहे. ज्या मातांच्या घरी जुने पायमोजे असतील त्यांनी धुऊन बरोबर आणावेत. वाळू आम्ही आणून ठेवली आहे, पिशव्या अजून तीस लागतील.